पाटीवरील उसनें नांव

श्रोतेहो, दुकानावरील पाटी हा इतिहासाच्या भाषणाचा विषय होऊं शकेल काय, अशी शंका आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत येईल. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांनाच इतिहास म्हणण्याची आपली जुनी संवय आहे, आणि ती संवय लावण्यांत माझ्यासारख्या शाळामास्तरांचा वांटा लहान नाहीं. परंतु गेल्या वीस वर्षांत आपल्या महाराष्ट्रांत उपाहारगृहें, विड्या आणि वहाणा यांच्या नांवांवरून जे तंटे माजले, ते शांतपणें पाहिले असतां असें दिसून येतें कीं, पाटीवरच्या दोन शब्दांतहि इतिहासाचें मोठें गांठोडें बांधलेलें असतें. पाटी लावणाराला त्याची कल्पना नसते, इतकेंच.

या विषयाकडे माझें मन वळलें तें एका प्रसंगामुळें. मागें एका संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. रंकाळ्याच्या कांठीं बर्गर आणि तसल्याच पदार्थांचा गाडा टाकण्याचें त्यानें ठरविलें होतें. नमस्कार करून त्यानें पाटीचा रंगीत नमुना माझ्यापुढें धरला. नांव एका जगप्रसिद्ध अमेरिकन कंपनीच्या नांवाशीं जुळणारें होतें, आणि मधोमध हिटलरची ती आंखूड मिशी व कपाळावर आलेली केसांची बट काढलेली होती. "गुरुजी, पोरं थांबून बघतील का नाहीं?" त्यानें मोठ्या उमेदीनें विचारलें. पोरें थांबलीं असतीं, यांत मला संशय नव्हता. पण मी कांहीं वेळ बोललों नाहीं. त्या नमुन्यांत दोन दोष होते. त्या दोन दोषांची हकीकत मीं त्यास जशी सांगितली, तशीच आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम नांवाची गोष्ट घेऊं. पुण्यास कँप भागांत एका इराणी दांपत्याचें 'बर्गर किंग' या नांवाचें उपाहारगृह १९९२ पासून चालत आलेलें आहे. याच नांवाची अमेरिकन कंपनी १९५४ सालीं मायामी येथें उदयास आली. मात्र भारतांत तिचें पहिलें उपाहारगृह दिल्लीस उघडलें तें २०१४ च्या नोव्हेंबरांत. त्यापूर्वींच, २०११ सालीं, कंपनीनें पुण्याच्या जिल्हा न्यायालयांत दावा लावून, या नांवाचा वापर बंद व्हावा अशी मागणी केली. आमच्या नांवाची भारतांतील नोंदणी १९७९ पासूनची आहे, असें कंपनीचें म्हणणें. या शहरांत या नांवाखालीं चूल प्रथम आम्ही पेटविली, असें पुणेकरांचें म्हणणें.

हा दावा तेरा वर्षें चालला. जुलै २०२४ मध्यें जिल्हा न्यायाधीशांनीं तो फेटाळला. कंपनीचीं उपाहारगृहें येथें सुरू होण्याच्या कितीतरी आधींपासून पुण्याचें दुकान चालू आहे, आणि त्यामुळें गिऱ्हाइकांची फसगत झाली किंवा कंपनीचें नुकसान झालें असें सिद्ध होत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. त्याचबरोबर पुणेकरांनीं मागितलेली वीस लक्ष रुपयांची भरपाईहि नाकारली. कंपनी मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेली, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या दुकानानें तें नांव वापरूं नये असा हुकूम डिसेंबर २०२४ मध्यें झाला. पुढें मार्च २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या हुकुमास स्थगिति दिली. पाटी उतरली काय आणि चढली काय, बटाट्याच्या काचऱ्या त्याच कढईंत तळल्या जात होत्या. परंतु तंटा काचऱ्यांचा नव्हता, लोकांच्या मनांत बसलेल्या ओळखीचा होता.

आपल्या देशांत व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९४० चा. त्यानंतर १९५८ चा, आणि हल्लींचा १९९९ चा, जो २००३ पासून अमलांत आला. या कायद्याच्या ३४ व्या कलमांत पूर्वींपासून नांव वापरणाराला संरक्षण आहे. मात्र त्याचा वापर प्रतिपक्षाचा वापर किंवा नोंदणी यांपैकीं जें आधींचें असेल त्याच्याहि आधींचा असला पाहिजे. कायदेपंडितांचा सारा खल या 'आधीं' शब्दाभोंवतीं फिरतो. याच कंपनीला परदेशांतहि हा अनुभव आलेला आहे. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत मॅटून नांवाच्या लहानशा गांवीं एका कुटुंबाचें याच नांवाचें दुकान होतें. १९६८ सालीं तेथील न्यायालयानें असा तोडगा काढला कीं, त्या दुकानाच्या सभोंवार वीस मैलांत नांव कुटुंबाचें, त्यापलीकडे कंपनीचें. ऑस्ट्रेलियांत तर तें नांव दुसऱ्याच एका दुकानदाराच्या मालकीचें निघाल्यामुळें, १९७१ पासून तेथील उपाहारगृहें 'हंग्री जॅक्स' या निराळ्याच नांवानें उघडावीं लागलीं. मोठें कोण आणि लहान कोण, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणीं न्यायासनापुढें आला. पण न्यायासनानें आधीं विचारलें तें हें कीं, या नांवाची पत कोणीं कमावली?

पत हा शब्द मी जाणून वापरतों. नांव म्हणजे बाजारांतील पत. ती कोणी स्वतः मिळवितो, कोणी दुसऱ्याची उसनी घेतो. शेजाऱ्याच्या दुकानाची पत उसनी घेणें हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार याहून नाजूक आहे. तो म्हणजे थोर पुरुषांची पुण्याई उसनी घेणें.

पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची 'संभाजी विडी' महाराष्ट्रांत अनेक वर्षें घरोघरीं ठाऊक होती. ज्यांनीं तें नांव दिलें त्यांच्या मनांत अवमान होता, असें मला म्हणवत नाहीं. एके काळीं देवादिकांचीं आणि वीरांचीं नांवें काडेपेटीपासून तपकिरीपर्यंत सर्व मालावर सर्रास घातलीं जात, आणि तो भक्तीचाच एक प्रकार समजला जाई. परंतु विडी ओढून झाली म्हणजे तिचें वेष्टण गटारांत पडतें, पायांखालीं येतें. ज्या राजानें १६८९ सालीं हालहाल सोसून मरण पत्करलें, त्याचें नांव त्या कागदावर असावें, हें लोकांना सहन होईना. अनेक संघटनांनीं निषेध केला. शेवटीं २०२० सालीं कंपनीनें नांव बदलण्याचें जाहीर केलें, आणि पुढें ती विडी 'साबळे' या नांवानें बाजारांत आली. श्रोतेहो, ही साधी गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. कारखानदारानें राजाचें नांव परत केलें आणि त्या जागीं स्वतःचें आडनांव घातलें.

कायद्यानेंहि या बाबतींत कांहीं कुंपणें घातलेलीं आहेत. १९५० च्या एका कायद्यान्वयें छत्रपति शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांच्यासारख्यांचें नांव वा चित्र धंद्यासाठीं वापरण्यास बंदी आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचें ९ वें कलम, धर्मभावना दुखविणारें किंवा बीभत्स असें चिन्ह नोंदण्यास मज्जाव करतें. आपल्या राज्यानें तर २०२२ सालीं दुकानांविषयींचा कायदा सुधारून, जेथें मद्य विकलें किंवा दिलें जातें अशा ठिकाणांना महापुरुषांचीं अगर गडकिल्ल्यांचीं नांवें देण्यास मनाई केली. पन्हाळ्याच्या छायेंत राहणाऱ्या आपणां कोल्हापूरकरांना त्याचें कारण समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां तिसरा प्रकार. शेजाऱ्याची पत नको, थोरांची पुण्याईहि नको, तर एखाद्या क्रूरकर्म्याची कुप्रसिद्धीच उसनी घ्यावी, असा हा प्रकार आहे. २००६ च्या ऑगस्टमध्यें नवी मुंबईंतील खारघर येथें 'हिटलर्स क्रॉस' या नांवाचें उपाहारगृह उघडलें. जाहिरातींत हिटलरचें चित्र आणि त्याच्या पक्षाचें चिन्ह झळकत होतें. लोकांच्या चटकन् लक्षांत राहील असें नांव हवें होतें, एवढाच मालकाचा खुलासा होता. मुंबईच्या यहुदी समाजानें तीव्र हरकत घेतली, देशोदेशीं निषेध झाला, आणि समाजाच्या प्रतिनिधींशीं बोलणें झाल्यावर मालकानें 'हिटलर' हा शब्द काढून टाकून उपाहारगृहाचें नांव 'क्रॉस कॅफे' असें केलें. येथें निकाल कोर्टानें दिला नाहीं. माणसें समोरासमोर बसलीं, आणि एकास दुसऱ्याचें दुःख कळलें.

कोणी म्हणेल, त्याचें चिन्ह तर आपलेंच स्वस्तिक! पण आपलें स्वस्तिक उंबऱ्यावर येणाऱ्याचें कल्याण चिंतितें. त्याचें तिरपें चिन्ह ज्या झेंड्यावर होतें, त्या झेंड्याखालीं साठ लक्ष यहुद्यांची कत्तल झाली. आणि यहुदी म्हणजे कोणी दूरदेशचे परके लोक नव्हेत. कोंकणांत तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं काम बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, ते बेने इस्रायल लोक पिढ्यान् पिढ्या घरांत मराठी बोलत आले आहेत. पेणकर, रोहेकर, दिवेकर हीं त्यांचीं आडनांवें आपल्या गांवांवरूनच पडलेलीं आहेत.

एवढें सांगून झाल्यावर मीं त्या विद्यार्थ्यास विचारलें, "ही मिशी काढण्याचें तुला सुचलें कोठून?" तो हंसून म्हणाला, "तुमच्याच तासाला, गुरुजी. तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचा. सगळा वर्ग हंसायचा."

श्रोतेहो, तें खरें होतें. दुसऱ्या महायुद्धाचा धडा मुलांना रुक्ष वाटूं नये म्हणून मी फळ्यावर ती मिशी काढीत असें, आणि त्याच्या भाषणाची नक्कलहि करीत असें. मुलें हंसत, मला समाधान वाटे. सनावळी मुलांना पाठ होई. पण त्या हंशामागें किती माणसें मेलीं, हें सांगण्यापूर्वींच बहुधा घंटा होत असे. म्हणजे त्या पाटीवरचें चित्र मुळांत माझेंच होतें.

आणि याहून मोठी लाज वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. त्या युद्धाचा पुरावा आमच्या शहराला लागूनच होता. १९३९ च्या सप्टेंबरांत पोलंड देशावर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया तुटून पडले, आणि दोघांनीं तो वांटून घेतला. रशियानें पूर्व भागांतील लाखों लोकांना उचलून सैबेरियाकडे धाडलें. पुढें १९४१ सालीं जर्मनीनें रशियावरच स्वारी केल्यावर त्यांची सुटका झाली. त्यांपैकीं कांहीं इराणच्या वाटेनें हिंदुस्थानांत पोंचले. कोल्हापूर संस्थानांतील वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक बायकामुलें. त्यांची शाळा, प्रार्थनामंदिर, दवाखाना सारें येथेंच होतें. ते गेल्यावर फाळणीनें घरेंदारें गमावलेले सिंधी बांधव त्या जागीं आले, आणि तेंच आजचें गांधीनगर. दिवाळीचे कपडे घेण्यास आपण तेथें जातों. कोल्हापुरांत महावीर उद्यानांत त्या पोलिश निर्वासितांचें स्मारक आहे. तिकडे वॉर्सा शहरांतहि कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें आदरांजली वाहिली. परक्या मुलुखांत आपल्या गांवाचें नांव दगडावर कोरलें गेलें, तें दुःखितांना आसरा दिल्याबद्दल. अशा गांवांत त्या दुःखाच्या कर्त्याची मिशी खाण्याच्या गाड्यावर लागणार होती, आणि ती काढावयास शिकविणारा मास्तर मी होतों.

शेवटीं आपल्या वहाणांविषयीं दोन शब्द. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार अशा आठ जिल्ह्यांतील कारागिरांना त्या नांवाचा हक्क लाभला. जून २०२५ मध्यें इटलींतील प्राडा या पेढीनें मिलान शहरीं तशाच घडणीच्या चपला दाखविल्या. कोल्हापूरचें नांव मात्र घेतलें नाहीं. येथें ओरड झाल्यावर, ती प्रेरणा भारतीय पादत्राणांची आहे, हें पेढीनें मान्य केलें. मुंबई उच्च न्यायालयापुढें गेलेली लोकहिताची याचिका जुलै २०२५ मध्यें फेटाळली गेली. मानांकन ज्यांच्या नांवें आहे त्यांनींच दाद मागावी, असें न्यायालयानें सांगितलें. पुढें डिसेंबरांत दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं त्या पेढीनें करार केला. पुण्यास नांव घेतल्याचा तंटा होता, येथें नांव न घेतल्याचा. दोहोंच्या मुळाशीं एकच न्याय आहे: ज्याच्या श्रमानें पत वाढली, त्याचें श्रेय त्याला द्यावें. आपल्या चपलेसाठीं जो न्याय आपण मागतों, तोच दुसऱ्याच्या नांवासाठीं पाळण्यास आपण तयार असलें पाहिजे.

पुढच्या रविवारीं मी त्या विद्यार्थ्यास घेऊन महावीर उद्यानांत गेलों. स्मारकासमोर आम्ही बराच वेळ उभे होतों. मीं त्यास वर्गांत सांगावयाचें राहून गेलेलें सांगितलें. तो ऐकत राहिला. आतां त्याच्या गाड्यावर त्याचें स्वतःचें आडनांव आहे. मिशी नाहीं आणि परक्या कंपनीची नक्कलहि नाहीं. गिऱ्हाईक अजून बेताचेंच आहे, असें तो म्हणतो, आणि तें मला खोटें सांगवत नाहीं. उसन्या नांवानें गर्दी लवकर जमते; आपल्या नांवास वेळ लागतो. पण त्या नांवाबद्दल उद्यां कोणी जाब विचारला, तर त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं. आपण रंकाळ्यावर फिरावयास गेलांत, तर पाट्या जरा निरखून वाचीत जा, आणि आपल्या मुलांनाहि वाचावयास लावा, एवढीच एका जुन्या मास्तराची विनंति आहे.