मंदिराचा घुमट आणि दिवाबत्ती

देवळात दिवा लावणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. नंदादीप अखंड तेवत राहावा म्हणून पूर्वी जमिनी तोडून दिल्या जात. जुन्या दप्तरांत दिवाबत्तीच्या इनामांच्या नोंदी आढळतात त्या यामुळेच. जीर्णोद्धाराच्या प्रसंगी घुमटाखाली कोणता दिवा लावावा, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नव्हे.

उमरग्याचे पुरातन महादेव मंदिर लोकांत हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. त्या परंपरेत खरी कमान नसे. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून, एकेक थर आत सरकवीत छत मिटवले जाई. अशा अनेक मंदिरांत मंडपाच्या बाजू अर्ध्या उघड्या ठेवीत. ऊन फरशीवर पडे आणि तेथून परतून छताच्या नक्षीवर जाई. गाभाऱ्यात मात्र समईचाच उजेड.

पुढे दख्खनमध्ये कमानी व घुमट आले. कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ सालच्या जामा मशिदीचे अंगणसुद्धा छताखाली आहे, पण उजेड बाजूच्या रुंद कमानींतून आत येतो. नळदुर्गचा पाणी महाल १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात झाला. बंधाऱ्याच्या पोटातील त्या दालनालाही उजेड मिळतो तो खिडक्यांतूनच. धर्म निराळे, कारागीर निराळे. पण उजेड खालून व बाजूने घ्यावा, ही जाण एकच.

नंतरच्या देवळांत विटा-चुन्याचे घुमट आले. पांढऱ्या चुन्यावर पडलेला समईचा उजेड सौम्य होऊन मंडपभर पसरे. मधोमध कडी असे, तिला हंडी किंवा झुंबर टांगीत. त्यात थोडे तेल आणि वात, त्यामुळे भार बेताचाच. पुढे कंदील आले, भजनाला गॅसबत्ती आली. १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या काळात गावोगाव वीज पोचत गेली. उघडे बल्ब आणि गोल घुमटाला सरळ नळ्या लागल्या. उजेड वाढला, पण तो डोळ्यांवर येऊ लागला आणि देवाची मूर्ती मागे पडली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने उमरगा व औसा तालुक्यांना जे शिकविले ते विसरता येणार नाही. माथ्यावरचा जड भार आणि सुटलेले दगड यांनीच घराघरांत जीव घेतले. म्हणून जुन्या घुमटाच्या माथ्याला नव्याने भोके पाडून जड झुंबर टांगणे धोक्याचे आहे. कोणा दात्याने श्रद्धेने झुंबर दिले, तर आधी जाणकार अभियंत्यास घुमट दाखवावा. घुमटाला चकचकीत तेलरंग देऊ नये. चुन्याची ओल आत अडते आणि दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते.

आजचे एलईडी दिवे कमी तापतात. साठ वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड सुमारे नऊ वॅटमध्ये मिळतो. असे पिवळसर दिवे कंगणीच्या आडोशाला ठेवून उजेड घुमटावर सोडावा. वायर दगड न फोडता सांध्यातून न्यावी. दिवा दिसू नये, घुमट दिसावा. गाभाऱ्यात तर समईच शोभते.

दात्याचे नाव फलकावर राहतेच. पण त्याने दिलेल्या उजेडात पुढच्या पिढीला घुमट अभंग दिसला, तर ते दान खऱ्या अर्थाने पावले असे म्हणता येईल. तशी सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.