मुळा-मुठेचे मासे आणि त्यांचीं नांवें

पुण्याचा इतिहास म्हटला कीं वाडे, पेठा आणि लढाया आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु या शहराच्या कडेनें वाहणाऱ्या मुळा-मुठेच्या पाण्याचाही एक इतिहास आहे, आणि त्यांतील कित्येक शब्द आपल्याच भाषेचे आहेत, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली. पुढें १८२४ मध्यें मुंबई सरकारनें विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामीं नेमिलें. हें काम करितां करितां त्यानें येथील पक्षी व मासे यांचाही अभ्यास केला. १८३१ सालीं तो स्वदेशीं परतला, आणि १८३८ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें त्यानें दख्खनच्या माशांवरील आपला निबंध मांडिला.

नव्या जातीस नांव देतांना पंडित बहुधा लॅटिन वा ग्रीक शब्द योजितात, अथवा एखाद्या थोर पुरुषाचें नांव देतात. साइक्सनें मात्र अनेक माशांस येथील लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेला महाशीर 'खुद्री' झाला. डोक्यावर शिंगासारखा उंचवटा असलेला मासा 'नुक्ता' झाला. खडकांस चिकटून राहणारा लहानगा 'मुल्या' झाला. ज्या मासेमारांनीं हे शब्द सांगितले, त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. त्यांचे शब्द मात्र जगभरच्या शास्त्रग्रंथांत अजून टिकून आहेत.

साइक्सच्या मागून इतरांनीं ही नोंदवही पुढें चालविली. फ्रान्सिस डे यानें १८७२ मध्यें पुण्याच्या आणखी एका लहान माशाचें वर्णन केलें. फ्रेझरनें १९४२ सालीं व सुटरनें १९४४ सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत पुण्याच्या माशांविषयीं लेख लिहिले. या नोंदी आहेत म्हणूनच आपण काय गमाविलें, हें आज आपणांस कळतें. धरणांनीं प्रवाह अडला, शहराच्या सांडपाण्यानें पाणी नासलें, आणि १९५२ मध्यें भारतांत आणिलेला परदेशी तिलापिया येथेंही शिरला.

खुद्रीची कथा येथेंच संपत नाहीं. लोणावळ्याजवळ वळवण येथें १९७० च्या दशकापासून तिची पैदास होऊं लागली, आणि तिचीं पिलें दूरदूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं. हेतु चांगला होता. परंतु कावेरींत तीच खुद्री तेथील मूळच्या महाशिराच्या ऱ्हासास हातभार लावणारी ठरली. एका नदीचें धन दुसरीस भार झालें.

यावरून एवढेंच ध्यानीं घ्यावें कीं, कोणता जीव कोणत्या पाण्याचा, हें जाणल्यावांचून केलेली मदतही घातक होऊं शकते. साइक्स यास हें ज्ञान नदीकांठच्या माणसांनीं दिलें. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस अजून माशांचीं जुनीं नांवें आठवत असतील, तर तीं आजच विचारून लिहून ठेवावीं. नदी सुधारण्याचें काम मोठें आहे. पण तिच्यांत कोण राहत होतें हें विसरूं न देणें, एवढें तरी आपल्या हातीं खास आहे.