वायफायचा पासवर्ड बदललात, पण राउटरचा?

घरी फायबर कनेक्शन आलं की वायफायचा पासवर्ड लगेच ठरतो. पण राउटरच्या सेटिंग्जचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो बऱ्याचदा कंपनीतून आला तसाच राहतो.

धोका काय?
२०१६ मध्ये 'मिराई' या मालवेअरने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याच मदतीने ऑक्टोबरमध्ये झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास कोलमडल्या.

पासवर्ड कसा बदलायचा?
• फोन घरच्या वायफायला जोडा.
• राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. तो बहुतेकदा १९२.१६८.१.१ असतो, आकडे इंग्रजीत टाइप करा.
• स्टिकरवरचंच युजरनेम आणि पासवर्ड टाकून लॉगिन करा.
• अ‍ॅडमिन पासवर्ड बदला आणि लिहून ठेवा. तो वायफायच्या पासवर्डसारखा नको.
• वायफाय सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा.
• रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवा.

पासवर्ड विसरलात तर?
लगेच रिसेटचं बटण दाबू नका. फायबर राउटरमधली कनेक्शनची सेटिंगही त्याने पुसली जाऊ शकते आणि इंटरनेट बंद पडू शकतं. आधी इंटरनेट कंपनीला फोन करा.