हरभऱ्याची आंब आणि मुळांवरच्या गाठी



आज थोडा इतिहास, पण राजेरजवाड्यांचा नव्हे, जिवाणूंचा!

शुक्रवार पेठेत राहून हा विषय कशाला, असं वाटेल. पण आमचं सोलापूर पडलं कोरडवाहू मुलखात. ज्वारीबरोबर तूर आणि हरभरा ही इथली नेहमीची पिकं. हरभऱ्याची आंब जुन्या माणसांना ठाऊक असेलच. थंडीत पहाटे पिकावर स्वच्छ फडकं फिरवायचं आणि ओलं झालं की पिळायचं. तिच्या आंबटपणात मोठा वाटा मॅलिक आम्लाचा. शेले या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये हेच आम्ल सफरचंदाच्या रसातून वेगळं काढलं होतं.

हेच आम्ल जमिनीखालीही मोठं काम करतं, बरं का!

कडधान्याने जमीन सुधारते, हे शेतकरी पूर्वापार जाणतो. त्याचं कारण मुळांवरच्या गाठींत आहे, हे हेलरिगेल यांनी १८८६ मध्ये बर्लिनला मांडलं. १८८८ मध्ये बायरिंक यांनी त्या गाठींतले जिवाणू वेगळे वाढवून दाखवले. हे जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, एवढं आपण शाळेत शिकतो. पण ते स्वतः खातात काय?

पानं साखर बनवतात, म्हणजे साखरच खात असतील, असं कुणालाही वाटेल. १९८१ मध्ये न्यूझीलंडच्या रॉनसन आणि सहकाऱ्यांनी क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मॅलिकसारखी आम्लं आत घेऊ न शकणारे जिवाणू त्यांनी मुळांना दिले. गाठी आल्या, पण नत्र काही मिळेना! साखर वापरू न शकणारे जिवाणू मात्र नत्र देत होते.

म्हणजे वनस्पती साखरेचं आम्ल करून वाढते. जिवाणूच्या आवरणातलं एक खास प्रथिन दारासारखं ते आत घेतं आणि त्यातून जिवाणूला ऊर्जा मिळते. ती लागतेही भरपूर. नत्राच्या एका रेणूसाठी एटीपीचे निदान १६ रेणू खर्ची पडतात.

म्हणूनच शेतकऱ्याने नुसत्या गाठी मोजून समाधान मानू नये. गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. जिवाणू फुकट राबत नाहीत आणि पीकही उगाच पोसत नाही, असा हा रोखीचा व्यवहार आहे.

तुमच्या गावी अजून आंब काढतात का? जरूर कळवा.