सरकारचा वकील नेमका कुणाचा?

दिवाळीला मुरुमला गेलो की माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडायची, हा माझा जुना नाद. आईच्या मते रिकामटेकडेपणा. या वेळी पेटीत आजोबांची 'तलावाची फाईल' सापडली. ७२ च्या दुष्काळानंतर आमच्या भागात पाझर तलाव झाले, त्यातल्या एकात आमची साडेतीन एकर गेली. मोबदला मिळाला तो इतका किरकोळ, की आजोबा कोर्टात गेले. पुष्कळ वर्षांनी दिवाणी न्यायालयाने रक्कम वाढवून दिली. घरात पेढे वाटले. आणि मग सरकार अपिलात गेलं.

आमच्या वकीलसाहेबांनी वडिलांना तेव्हा एक गोष्ट सांगितली होती. सरकारी वकिलांनी म्हणे स्वतःच लेखी मत दिलं होतं, की प्रकरण अपील करण्यासारखं नाही. वरच्या कुठल्याशा कचेरीला ते पटलं नाही. खरं-खोटं देव जाणे. अपील अकरा वर्षं चाललं, फेटाळलं गेलं, आणि पैसे आले तेव्हा आजोबा नव्हते.

गंमत बघा, यात सरकारचाही तोटाच झाला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर कोर्टाने वाढवलेल्या रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे दरसाल १५ टक्के व्याज. म्हणजे हरणारं अपील जितकं लांबेल तितका तिजोरीला खड्डा. "साहेब, इथे थांबा" असं सांगणाऱ्या वकिलाचं ऐकलं असतं तर दोन्हीकडचा फायदा होता. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. सरकारचा वकील नेमका कुणाचा? खुर्चीवरच्या साहेबाचा, की आणखी कुणाचा?

थोडी रचना सांगतो (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा). मंत्रालयात विधी व न्याय विभाग असतो. त्याच्या प्रमुखाला 'विधी परामर्शी' असंही भारदस्त नाव आहे. दावा लढायचा का, अपील करायचं का, याचे कागद तिथे फिरतात. आणि या सगळ्यांच्या वर, राज्याचा पहिला वकील म्हणून महाधिवक्ता, म्हणजे आपला ॲडव्होकेट जनरल. राज्यघटनेच्या कलम १६५ प्रमाणे त्याला राज्यपाल नेमतात. अट अशी, की माणूस उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायच्या लायकीचा हवा. मुदत? राज्यपालांची मर्जी असेपर्यंत. विधिमंडळात तो बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही.

आता मुरुमच्या बाजूने पाहू. १९४८ पर्यंत आम्ही निजामाचे, मग हैदराबाद राज्याचे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमचं उच्च न्यायालय एकदम मुंबईला गेलं. १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ आलं, तोपर्यंत सोलापूर गाठून मुंबईची गाडी पकडायची. आम्ही मुंबई राज्यात आलो आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, तिथे एक पारशी गृहस्थ महाधिवक्ता झाले. होरमसजी माणेकजी सिरवई. १९७४ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षं, ते त्या खुर्चीत होते. यशवंतराव, कन्नमवार, थोडे दिवस पी. के. सावंत, मग वसंतराव नाईक... मुख्यमंत्री बदलले, वकील तोच.

सिरवईंनी सरकारला गोड वाटेल तेच सांगितलं का? कोर्टात त्यांनी सरकारची बाजू जोरात लढवली, यात शंका नाही. नानावटी खटला सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला हा भाग कमी लोकांना आठवतो. ११ मार्च १९६० ला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी सर्वोच्च न्यायालयातलं अपील संपेपर्यंत शिक्षा स्थगित केली. नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहिले. लोक चिडले. त्या आदेशाचं समर्थन करायला महाधिवक्ता म्हणून सिरवई उभे राहिले. उच्च न्यायालयाने आदेश मान्य केला, सर्वोच्च न्यायालयाने मात्र सप्टेंबर १९६० मध्ये चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की अपील आमच्यापुढे असताना राज्यपालांना असं करता येणार नाही.

पण खरी गोष्ट केशवानंद भारतींची. १९७२-७३ मध्ये ६८ दिवस सुनावणी, तेरा न्यायमूर्ती. संसद घटनेत हवा तो बदल करू शकते का, हा प्रश्न. समोर नानी पालखीवाला, आणि केरळ सरकारतर्फे सिरवई. दोघेही सर जमशेटजी कांगांच्या चेंबरमध्ये तयार झालेले. कांगा स्वतः १९२२ ते १९३५ मुंबईचे महाधिवक्ता. गुरुबंधूच आमनेसामने! सिरवईंचं म्हणणं होतं, की घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल लागला. घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, असं ठरलं. सिरवई हरले.

पुढे काय झालं ते मला फार आवडतं. १९७५ मध्ये आणीबाणी आली. ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या आवाक्याबाहेर ठेवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला, आणि तोही याच मूलभूत चौकटीच्या आधारावर. सिरवईंचा घटनेवरचा मोठा ग्रंथ १९६७ साली, ते पदावर असतानाच निघाला होता. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत त्यांनी आपलं मत बदलल्याचं छापून टाकलं. ज्या मुद्द्यावर ते तेरा न्यायमूर्तींपुढे दिवसेंदिवस लढले, तोच मुद्दा! आणीबाणीत तुरुंगात टाकलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही, या १९७६ च्या निकालावर तर त्यांनी १९७८ मध्ये वेगळं पुस्तकच लिहिलं, चांगलं झोडपणारं. आमच्या धंद्यात आपलाच जुना कोड चुकला होता असं मीटिंगमध्ये कबूल करणारा सीनियर मी आजवर दोनदाच पाहिला आहे. असो.

उलट बाजूही आहे, आणि ती आमच्या मराठवाड्यातलीच. मार्च २०१६ मध्ये महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्याला आले. मराठवाड्यावरच्या अन्यायाबद्दल बोलताना त्यांनी वेगळ्या मराठवाड्याची भाषा केली. वेगळ्या विदर्भाचे ते पुरस्कर्ते होतेच. दोनच दिवसांत, २२ मार्चला, त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांचं मत मला पटत नाही. पण अणे काय चूक बोलले यापेक्षा, त्या पदावरच्या माणसाने असं बोलावं का, हा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. कोर्टातला एखादा युक्तिवाद चुकीचा होता असं नंतर पुस्तकात लिहिणं वेगळं, आणि ज्या राज्याची वकिली करतो त्याचेच तुकडे करा असं पदावर असताना म्हणणं वेगळं. माझं मत राजीनाम्याच्या बाजूने पडतं, पण पाऊण टक्काच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात या प्रश्नाला हात घातला होता. तिथल्या सरकारने एकाच परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील काढले होते. कोर्टाने परिपत्रक रद्द केलं आणि सांगितलं, की हे पद सार्वजनिक स्वरूपाचं आहे, ते केवळ सरकार आणि वकील यांच्यातलं खासगी नातं नाही. म्हणजे माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर निदान जिल्ह्याच्या वकिलापुरतं तरी मिळालं.

फाईल पुन्हा पेटीत ठेवताना वडिलांना विचारलं, "ते मत लिहिणारे सरकारी वकील कोण होते हो?" ते म्हणाले, "नाव नाही आठवत. सायकलवर यायचे. निकालाच्या दिवशी समोरच्या बाजूचे असून आजोबांना नमस्कार करून गेले."