वाऱ्याकडे तोंड करून

हिंदुस्थान सरकारचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याच्या छत्तीस वर्षं आधी कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक माणूस, आपली नोकरी सांभाळून, बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे मार्ग नकाशावर काढत बसायचा. वादळांसाठी त्याला कुणी नेमलेलं नव्हतं. आधी तो व्यापारी जहाजावर कप्तान होता. पुढे कलकत्त्याला स्थायिक झाला, तिथल्या भूगर्भशास्त्रीय संग्रहालयाची व्यवस्था पाहू लागला आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा अध्यक्ष झाला. वादळांचा नाद त्याला लागला तो विल्यम रीड या लष्करी इंजिनिअरचं १८३८ सालचं पुस्तक वाचून.

या माणसाबद्दल मला फार जिव्हाळा आहे. मी राहतो बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरी आजोबांच्या वेळचा बॅरोमीटर आहे. रोज सकाळी त्याचा काटा पाहायचा, वारा कुठला ते पाहायचं आणि वहीत लिहायचं, हा माझा छंद आहे. हवामानाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. किनाऱ्यावर माझ्यासारखे आणखी काही जण आहेत आणि मे महिना सरत आला की आम्ही एकमेकांना फोन करू लागतो. आमचा मूळपुरुष कोण असं कुणी विचारलं, तर मी पिडिंग्टनचं नाव घेईन.

त्याची पद्धत साधी होती, पण चिकाटीची. बंदरात आलेल्या जहाजांच्या रोजनिश्या तो मागून घ्यायचा. अमुक दिवशी अमुक वाजता जहाज कुठे होतं, वारा कुठल्या दिशेचा होता, बॅरोमीटर किती उतरला होता, एवढंच त्यातून टिपायचं. एका कप्तानाच्या नोंदीवरून काही कळत नाही. सात-आठ जहाजांच्या एकाच वेळच्या नोंदी नकाशावर शेजारी शेजारी मांडल्या, की वाऱ्याचे बाण एका बिंदूभोवती फिरताना दिसतात. तो बिंदू म्हणजे वादळाचं केंद्र. दुसऱ्या दिवशीचे बाण मांडायचे, की केंद्र कुठे सरकलं तेही दिसतं. असे वीसहून अधिक निबंध त्याने एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, आणि १८४८ साली खलाशांसाठी पुस्तक काढलं. सायक्लोन हे नाव त्याचंच. पुस्तकासोबत पारदर्शक चकत्या होत्या, एक उत्तर आणि एक दक्षिण गोलार्धासाठी. त्यांवर वाऱ्याचे बाण वर्तुळात काढलेले. भर वादळात कप्तानाने चकती नकाशावर ठेवायची, आपल्याला लागणारा वारा जुळवायचा आणि केंद्र कुठल्या अंगाला आहे ते पाहून जहाज वळवायचं.

त्याने उलगडलेल्या कथांत मला सर्वांत थरारक वाटते ती ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाची. फेब्रुवारी १८४५ मध्ये हे जहाज मॉरिशसहून निघालं आणि वादळात सापडलं. वाऱ्याकडे पाठ करून पळायचं, एवढंच कप्तानाला सुचलं. वारा फिरत गेला तसं जहाजही फिरत गेलं. पाच दिवसांत तेराशेहून अधिक मैल धावून ते निघाल्या जागेपासून साधारण साडेतीनशे मैलांवर पोचलं होतं. पिडिंग्टनने रोजनिशीवरून मार्ग आखला तेव्हा दिसलं, की जहाजाने केंद्राभोवती पाच फेऱ्या घातल्या होत्या आणि वादळ त्याला आपल्याबरोबर ओढून नेत होतं. वादळ चक्राकार फिरतं आणि फिरता फिरता पुढेही सरकतं, याचा याहून उघड पुरावा कुणाला कुठून मिळणार? आणि तो हाती आला तो कप्तानाने त्या अवस्थेतही रोजनिशी चालू ठेवली म्हणून. पिडिंग्टनच्या बुद्धीइतकंच श्रेय मी त्या कप्तानाला देतो.

पिडिंग्टन मागच्याच वादळांत रमला नाही. कलकत्त्याची हुगळी गाळाने भरत चालली, म्हणून सरकारने मातला नदीवर नवं बंदर बांधायचं मनात घेतलं. १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहिलं. ही जागा वादळाच्या लाटेच्या तोंडावर आहे, इथे वसाल तर एक दिवस समुद्र सगळं धुऊन नेईल, असा त्याचा आशय होता. कोणी मनावर घेतलं नाही. बंदर झालं, त्याला लॉर्ड कॅनिंगचं नाव मिळालं, रेल्वेही गेली. १८५८ साली पिडिंग्टन वारला. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने हुगळीच्या मुखाशी पन्नास हजारांच्या आसपास माणसं नेली. त्यानंतर, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदराला वादळाची सूचना देण्याची सोय सुरू झाली. १ नोव्हेंबर १८६७ ला मातलाची पाळी आली. लाट पोर्ट कॅनिंगवरून गेली आणि काही वर्षांतच ते बंदर ओस पडलं.

पिडिंग्टनच्या पत्रात वादळाची तारीख नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. कधी येईल ते त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असल्याचा आव त्याने आणला नाही. कुठे येईल आणि आलं तर काय होईल, ते मात्र नाव घेऊन सांगितलं. हौशी माणसाने यापलीकडे जाऊ नये आणि याच्या अलीकडे थांबूही नये, असं माझं ठाम मत आहे. दरवर्षी जूनच्या तोंडावर कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, की परवा वादळ अमुक गावावर आदळणार. त्याने मच्छीमारांची नाहक धावपळ होते, आणि बंदरावर खरा बावटा चढतो तेव्हा माणसं वर बघत नाहीत.

आपल्या बाजूलाही या कामाची परंपरा आहे. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. वर्तमानपत्राचा संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट याने ती काही काळ सांभाळली. प्राध्यापक आर्लिबार यांच्या हाताखाली तिथे काम केलं केरो लक्ष्मण छत्रे यांनी, म्हणजे अलिबागजवळच्या नागावच्या केरूनानांनी. १ नोव्हेंबर १८५४ च्या रात्री मुंबईला वादळाने झोडपलं, बंदरातली जहाजं-गलबतं फुटली, हजारभर माणसं गेली. ते वादळ आज कुणाला आठवत नाही. आठवतं ते १८८२ सालचं, ज्यात म्हणे मुंबईत एक लाख माणसं मेली. ते झालंच नव्हतं. त्या वेळच्या नोंदींत त्याचा मागमूस नाही, तरी पुस्तकांतून आणि याद्यांतून ते एकमेकांचं पाहून उतरवलं गेलं. मूळ नोंद काढून पाहायची ही पिडिंग्टनची सवय कुणी लावून घेतली असती, तर हा आकडा इतका फिरला नसता.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं. हवामान खात्याने आधीपासून इशारे दिले होते. आमच्याकडच्या होड्या खाडीत आत ओढून घेतल्या होत्या. माझ्या वहीत सकाळचा वारा आग्नेयेचा आहे. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की केंद्र उजव्या हाताला असतं. म्हणजे ते तेव्हा नैर्ऋत्येला होतं. काटा झपाट्याने उतरत होता. दुपारी वारा दक्षिणेचा झाला, तेव्हा केंद्र आमच्या पश्चिमेला आलं होतं. नंतर वारा नैर्ऋत्येकडे वळला आणि मी घरात सांगितलं, की ते आता उत्तरेला सरकलं, आपल्या डोक्यावरून जात नाही. ही माहिती मोबाइलवरही मिळाली असती, पण मोबाइल तोवर बंद पडले होते. केंद्र दूर गेलं तरी वाड्या वाचल्या नाहीत. वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला वारा अधिक जोराचा असतो, आणि आम्ही, दिवेआगर, श्रीवर्धन, सगळे त्याच अंगाला होतो. पन्नास-पन्नास वर्षांचे माड आणि पोफळीच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे वाडीवाल्याला सांगावं लागत नाही.

पण पडलेली झाडंही वाऱ्याची नोंदच असतात. अमेरिकेत १८२१ सालच्या सप्टेंबरमध्ये मोठं वादळ झालं होतं. त्यानंतर कनेक्टिकटमधून पायी जाताना विल्यम रेडफिल्डला दिसलं, की एका भागातली झाडं एका दिशेला पडली आहेत आणि दूरच्या भागातली नेमकी उलट्या दिशेला. हा माणूस खोगीर-सामान बनवणारा कारागीर. वारा वर्तुळात फिरत असणार हा विचार त्याला त्या पडझडीतून सुचला आणि दहा वर्षांनी त्याने तो छापला. पुढे रीडने त्याचाच धागा उचलला.

वीज यायला आणि रस्ते मोकळे व्हायला आमच्याकडे बरेच दिवस गेले. फोन लागू लागल्यावर मी छंदातल्या मित्रांना दोनच गोष्टी विचारल्या: तुमच्याकडे वारा किती वाजता फिरला आणि कुठून कुठे फिरला, आणि झाडं कुठल्या दिशेला पडलीत. ज्यांच्याकडे बॅरोमीटर नव्हता त्यांनाही दुसरा प्रश्न सांगता आला. केळशीकडची आणि आमच्या वाडीतली बहुतेक झाडं ईशान्येकडे शेंडे करून पडली होती. रेवदंड्याच्या मित्राने कळवलं, की त्याच्याकडे वारा पूर्वेचा होता, मग उत्तरेकडे फिरला, आणि झाडं पश्चिमेला, नैर्ऋत्येला पडली आहेत. मी किनाऱ्याचा नकाशा पसरला, पेन्सिलीने बाण काढले आणि बाण जिथे उलटतात तिथून समुद्राकडे रेघ ओढली. ती मुरुडच्या जवळपास निघाली. खात्याने केंद्र अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढल्याचं सांगितलं होतं, त्याच पट्ट्यात. रेवदंड्याहून दक्षिणेला, श्रीवर्धनपर्यंतच्या भागातून मात्र माझ्याकडे एकही नोंद नव्हती. तिथे आमच्यापैकी कुणीच नाही. आता दिवेआगरला एका बागायतदाराच्या ओसरीवर बॅरोमीटर लावला आहे आणि त्याची मुलगी सकाळ-संध्याकाळ काटा पाहून वहीत लिहिते.