हेलिकॉप्टर पडलं की 'पायलटची चूक'. बस, एवढंच?

मंडळी, प्रचार सुरू झाला की जुळे सोलापुरात वर घरघर ऐकू येते आणि पोरं गच्चीवर पळतात. काहीजण तर थेट मैदान गाठतात. म्हणून हा थोडा इतिहास.

३ मे २०२४, महाड. लोकसभेच्या प्रचारात सुषमा अंधारे यांना न्यायला हेलिकॉप्टर आलं. उतरताना धुळीचा लोट उठला आणि ते जमिनीवर कोसळलं. अंधारे त्यात बसलेल्या नव्हत्या, पायलटही वाचला.

धूळ एवढी घातक का? हेलिकॉप्टर हवा खाली ढकलून तरंगतं. मोकळ्या मातीवर त्याच हवेने धुरळा उठतो आणि पायलटला जमीनच दिसेनाशी होते. आपण स्थिर आहोत की बाजूला सरकतोय, हेही कळत नाही. सरकत असतानाच टेकलं, तर एका बाजूचा पाय अडकतो आणि अख्खं यंत्र आडवं होतं.

त्याआधी २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यात, निलंग्याला, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच काही क्षणांत विजेच्या तारांत अडकून खाली आलं. सगळे वाचले. ते उड्डाण होतं, पण तारांचा धोका उतरतानाही तेवढाच. शिवाय मे महिन्यात हवा तापून विरळ होते, पंख्याला कमी उचल मिळते. त्यात माणसं आणि सामान जास्त असेल, तर इंजिनाकडे राखीव ताकद उरत नाही. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू!

पायलट चुकत नाहीत असं नाही. सरळ खाली वेगाने उतरलं, तर हेलिकॉप्टर स्वतःच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतं. अशा वेळी नुसती ताकद वाढवली तर ते आणखी खाली जातं. पुढे सरकून बाहेर पडावं लागतं, आणि त्यासाठी खाली उंची शिल्लक हवी. २ मे २०११ ला लादेनला मारायला गेलेलं अमेरिकेचं हेलिकॉप्टर अबोटाबादमध्ये असंच पडलं. पायलट निवडक, सरावही झालेला. पण सरावात कुंपण जाळीचं होतं, तिथे भक्कम भिंती निघाल्या. हवेला बाहेर जायला वाटच मिळाली नाही.

म्हणजे शेवटची चूक पायलटच्या हातून होते, पण जागा कोण निवडतं? मातीवर पाणी मारलं का, तारा पाहिल्या का, हे कोण बघतं? आणि "सभा खोळंबलीय, लवकर उतरवा" असा फोन कोण करतं?

पुढच्या वेळी आपल्या भागात हेलिपॅड आखलं, की आयोजकांना हे प्रश्न विचारा, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. पोरांना दोरीच्या बरंच मागे ठेवा. आणि पायलट न उतरता परत फिरला, तर त्याला नावं ठेवू नका. त्या दिवशी त्याने आपलं काम चोख केलेलं असतं.